वशिंडावरचा ठिपका

भय्याजीने आयुष्यात ज्या माणसाचा सगळ्यात जास्त हेवा केला, तो माणूस मुळात नव्हताच. म्हणजे यादोरावच्या टीव्हीत होता, दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास; पण त्याबाहेर, अड्याळच्या बाजारात गाठून ज्याची गचांडी धरावी, असा तो कुठेच नव्हता. हाडामांसाचा माणूस असला तर त्याच्याशी भांडता येतं, अबोला धरता येतो, त्याच्या पोरीच्या लग्नाला न जाता जीव थंड करता येतो. नसलेल्या माणसाचं काय करायचं?

आधी भय्याजी कोण ते सांगायला हवं. तळ्याखाली धानाची शेती, घरी बायको सुलोचनाबाई, एकुलती मुलगी साकोलीला दिलेली. शेतकरी म्हणून गावात त्याच्यासारखे पुष्कळ होते. पण लाकडी नंदीबैल करणारा म्हणून तो एकटाच, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. खरे बैल गोठ्यात विसावतात आणि लेकरं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत तोरणाखाली आणतात. उत्तम बैलाला बक्षीस म्हणून पितळी तांब्या मिळायचा. तांब्या तो काय, पण ज्याच्या घरी गेला त्याने वर्षभर मान ताठ ठेवून चालायचं, असा गावाचा रिवाजच पडून गेला होता. भय्याजीच्या फळीवर अशा तांब्यांची रांग होती, आणि त्यातल्या एकातूनही पाणी प्यायची घरात कोणाला सोय नव्हती.

त्याला कोणी सुतार म्हटलेलं खपत नसे. सुतार पोटासाठी करतो, आपण शौकीन. असे शौकीन गावात आणखी दोन होते. एक जागेश्वर, सायकल दुरुस्तीवाला. त्याचे बैल दिसायला बेताचे, पण चालायला लोण्यासारखे, कारण चाकात तो सायकलीचे छर्रे घालायचा. दुसरा यादोराव, जंगलखात्यातून निवृत्त झालेला. शिवणीचं लाकूड नुसत्या वासावरून ओळखायचा; पण त्याचा बैल कधी पुरा झाला नाही. पाय झाले की मान राहायची, मान झाली की पोळा निघून गेलेला असायचा. पॉलिश मात्र त्याला जिवापाड आवडे. अर्धवट बैलालाही तो बसल्या बसल्या पॉलिश मारत राहायचा. तिघांची बैठक रोज यादोरावच्या ओसरीवर भरे, आणि तिथे सगळ्या दुनियेच्या लाकूडकामाला नावं ठेवली जात.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात यादोरावच्या मुलाने नागपूरहून टीव्ही आणला. ब्लॅक अँड व्हाइट. उंच बांबूवर अँटेना चढला, त्याचं तोंड नागपूरकडे करण्यात दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी त्या पेटीत बनवारी अवतरला.

बनवारी हा सिरियलमधला खेळणीवाला. लाकडाचे घोडे, हत्ती, बाहुल्या, छोटी घरं, छोट्या रेल्वेगाड्या करायचा. त्याची बायको कमला. दर आठवड्याला एक खेळणं आणि त्यामागची एक गोष्ट. पहिल्याच गुरुवारी तिघे शौकीन पुढे मांडी घालून बसले, बायका मागे भिंतीशी बसल्या, आणि बनवारीने पटाशी हातात घेतली.

"धरली कशी पाह्य त्यानं पटाशी," भय्याजी म्हणाला. "भाकर उलथून रायला का बे?"

"अन् धोतर पाह्य," जागेश्वरने पुस्ती जोडली. "एक छिलका नाही अंगावर. लाकूड तासते का लोणी कापते?"

"ते लाकूडच नसंल गा," यादोराव हातातल्या बैलाच्या पायावर पॉलिशचं फडकं फिरवत म्हणाला. "थर्माकोल असंल."

"अवो, ऐकू द्या ना जी जरासं!" मागून आवाज आला. तो सुलोचनाबाईचा होता. भय्याजीने वळून पाहिलं तर बाई पदर हनुवटीखाली धरून, डोळे मोठे करून बसलेली. लग्नानंतर त्याच्याकडे तिने असं पाहिल्याचं त्याला आठवेना.

बनवारीची एक खोड होती. खेळणं झालं की तो स्वतः खराटा घेऊन छिलके, भुसा झाडायचा. मग ते खेळणं दोन्ही हातांवर घेऊन कमलासमोर धरायचा आणि विचारायचा, "बोलो, कैसा है?" कमला ते उलटसुलट करून पाहायची आणि दर वेळी काहीतरी खोट काढायची. घोड्याचं शेपूट ताठ आहे. बाहुलीचं नाक सरकारी साहेबासारखं आहे. बनवारी हसायचा आणि पुन्हा पाटावर बसायचा. कमलाने "अब ठीक है" म्हटल्याशिवाय खेळणं दुकानात लागत नसे.

"बायकोले इचारून रंधा चालवते!" जागेश्वर म्हणाला, आणि तिघेही खो खो हसले. मागच्या भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी एकही हसली नाही.

त्या दिवसापासून भय्याजीच्या घरात बनवारी राहायला आला. ताट वाढताना बनवारी, धान पाखडताना बनवारी. "किती गोड इचारते नाही जी तो?" "त्याचा हत्ती पायला का, सोंडेवर कसं पाणी उडवल्यावानी केलं?" भय्याजी घास गिळायचा आणि गप्प बसायचा. इतकी वर्षं त्याने या बाईच्या डोळ्यांसमोर बैल कोरले होते. अख्ख्या तालुक्यात नाव झालं होतं. आणि ही काय म्हणायची? तर "जागा अडवली", नाहीतर "छिलके भाजीत उडाले". रोज खराटा घेऊन ती त्याचा भुसा झाडत आली होती, पण बैलाकडे मान वर करून पाहिलंय असं झालं नव्हतं. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते काही खोटं नाही. आणि घरच्या मुर्गीच्या मनाला काय वाटतं, हे डाळ खाणारे कधी विचारत नाहीत.

एकदा त्याला राहवलं नाही. "तुले काय समजते गं त्यातलं?" तो ताटावरून खेकसला. "लाकूड कशासंग खातेत ते तरी मालूम हाये का?"

"नाही बाप्पा," सुलोचनाबाई म्हणाली. "मले काय समजते!" आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक पळी भाजी वाढली. भय्याजीला वाटलं, जिंकलो.

श्रावणात, पोळ्याला तीन-चार आठवडे असताना, बनवारीने बैल केला.

पांढराशुभ्र, चाकांवर उभा, आणि दोरी ओढली की मान हलवणारा. पुढे जाईल तशी त्याची मान खालीवर, खालीवर. ओसरी चिडीचूप झाली. भागाच्या शेवटी नावं सरकू लागली तरी बैल पडद्यावर उभाच होता, आणि त्याच्या वशिंडावर चिंचोक्याएवढा काळा ठिपका होता. भय्याजीने ठिपका पाहिला, जागेश्वरने पाहिला, यादोरावने पाहिला. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्या एकट्याच्याच नजरेला आलं.

आणि तेवढ्यात मागून सुलोचनाबाई म्हणाली, "माय वो! जित्ता हाये जी तो!"

भय्याजीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या सगळ्या बैलांनी मिळून आजवर जे वाक्य या बाईच्या तोंडून काढलं नव्हतं, ते त्या थर्माकोलवाल्याने एका अर्ध्या तासात काढलं! त्याला तांब्या मिळालेले सगळे पोळे आठवले आणि सगळे फिके वाटले. तेच वाक्य त्याला हवं होतं, तिच्याच तोंडून, आणि स्वतःच्या बैलासाठी. त्यापुढे तांब्या गेला खड्ड्यात. पण तांब्याही हवाच होता, ते सोडा.

"कठपुतलीचा खेळ," दुसऱ्या दिवशी ओसरीवर तो म्हणाला. "नंदीनं कधी मान हालवली का? नंदी म्हणजे ठाम पायजे."

"आपण तं असं काही करणार नाही," जागेश्वर म्हणाला.

"मी तं बिलकुल नाही," यादोराव म्हणाला.

त्याच दुपारी भय्याजीने गोठ्याचं दार आतून लावून घेतलं. शिवणीचा जपून ठेवलेला ओंडका काढला. मान वेगळी कोरली, ती आतून तारेवर टांगली, खाली लोखंडाचा गोळा बांधला आणि चाकाच्या आसाला एक खिळा असा ठोकला, की चाक फिरलं की मान उचलली जावी. आधी मान उचलेना, मग खाली येईना. एकदा तर मागेच वळली आणि बैल स्वतःचं शेपूट पाहू लागला. भय्याजीने बनवारीला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की सिरियल तिथल्या तिथे बंद पडावी. शेवटी मान हलू लागली. मग पांढरा ऑइलपेंट, आणि वशिंडावर काळ्या पक्क्या रंगाचा ठिपका. त्याची कामं पक्कीच असायची. पिढ्यान्‌पिढ्या टिकली पाहिजेत.

पण मनात एक किडा वळवळत होता. जागेश्वरचं दुकान अलीकडे भर दुपारी बंद असायचं. काहून? भय्याजीने आपल्या सायकलची हवा स्वतःच सोडली, आणि ती ढकलत त्याच्या घरी गेला. जागेश्वर अंगणात बसला होता. भय्याजीला पाहताच त्याने समोरच्या वस्तूवर पोतं टाकलं.

"काय हाये ते?"

"काही नाही गा. पाट करून रायलो, घरच्यासाठी."

"पाटाले कान असते का?" पोत्याखालून एक पांढरा कान डोकावत होता.

जागेश्वरने कानाकडे पाहिलं, मग सायकलकडे. टायर दाबून पाहिला. "अन् तुह्या टायरात तं कायचाच पंक्चर नाही. हवा कोणं सोडली?"

जागेश्वरने मुकाट्याने हवा भरून दिली, भय्याजी मुकाट्याने सायकलवर बसून घरी आला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. लेकरांनी झुली, बाशिंगं, घुंगरं घातलेले बैल ओढत आणले, मोठ्यांनी झडत्या, म्हणजे पोळ्याची खास गाणी, म्हटल्या, कोणाच्या झडतीला दाद मिळाली, कोणाची मध्येच अडकली. पारखायला भंडाऱ्याच्या एका शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या, सुमनबाई. गावचीच लेक, सणाला माहेरी आलेली.

भय्याजीचा बैल साकोलीहून आलेली त्याची नात ओढत होती. मान खालीवर, खालीवर. लोक बाजूला होऊन पाहू लागले. भय्याजीने हळूच बायकांच्या घोळक्यात सुलोचनाबाईला शोधलं. ती बघत होती. आता म्हणेल, आता म्हणेल, असं त्याला वाटत होतं, तेवढ्यात पलीकडून दुसरा बैल आला. पांढरा, मान हलवणारा, वशिंडावर काळा ठिपका. जागेश्वरचा. लोकांत हशा पिकतो न पिकतो तोच तिसरा आला. पांढरा, मान हलवणारा, वशिंडावर काळा ठिपका. यादोरावने आयुष्यात पहिल्यांदा बैल पुरा केला होता, आणि तोही हाच.

तिन्ही बैल तोरणाखाली शेजारी शेजारी आले आणि सगळ्या गावासमोर एकाच चालीने माना डोलवू लागले. तिन्ही शौकिनांच्या माना मात्र जागच्या जागी गोठल्या.

"हे काय?" सुमनबाईंनी चष्मा वर केला. "तिघांच्याही वशिंडावर ठिपका कसा?"

"बनवारीच्या बैलाले व्हता," तिघे एका तोंडाने म्हणाले, आणि एकमेकांकडे पाहून चपापले.

"नव्हता हो. आमच्याकडे कलर टीव्ही आहे. बनवारीचा बैल हळदीसारखा पिवळा होता. आणि डाग म्हणाल तर अंगावर एक नव्हता."

"असं कसं? आमी तिघानं पायला!" भय्याजी उसळला. "डोळ्यानं पायला!"

"मीही डोळ्यांनीच पाहिला," सुमनबाई शांतपणे म्हणाल्या.

यादोरावच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकून गेलं. तो घराकडे निघाला, आणि थोड्या वेळाने अंगठा पुढे धरून परत आला. अंगठ्याच्या नखात काळंभोर काहीतरी साचलं होतं.

"पॉलिशचा शितोडा गा," तो पडेल आवाजात म्हणाला. "टीव्हीच्या काचीवर उडाला व्हता. माह्याच हातानं."

आधी एक म्हातारा हसला, मग सगळा पोळा हसला. बायकांतून सुलोचनाबाईचा आवाज भय्याजीला स्पष्ट ऐकू आला: "म्हणून मंग कमलेचा तीळ कधी गालावर, तं कधी भिंतीवर!" आणि ती पदरात तोंड खुपसून इतकी हसली की शेजारणीला तिला धरावं लागलं. भय्याजीला गाव हसलेलं सोसलं असतं. पण ही हसलेली त्याच्या काळजाला लागली.

तेवढ्यात जागेश्वरने अंगठ्याला थुंकी लावली, वाकला, आणि आपल्या बैलाचा ठिपका एका घासण्यात पुसून टाकला. ठिपक्याची आठवण त्याला सकाळी झाली होती; रंग वाळायला वेळ नव्हता म्हणून त्याने बायकोच्या डबीतलं काजळ लावलं होतं. भय्याजीनेही धोतराच्या सोग्याने घासलं. पुन्हा घासलं. पक्का रंग हलला नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकणार होता तो.

तांब्या जागेश्वरला गेला. "चाल मोकळी आहे, मान सैल आहे, आणि अंग स्वच्छ आहे," सुमनबाई म्हणाल्या. जागेश्वरने तांब्या डोक्यावर धरला. भय्याजीला वाटलं, याच्या चाकातले सगळे छर्रे आत्ताच्या आत्ता रस्त्यावर सांडावेत.

घरी आल्यावर त्याने बैल अंगणात ठेवला आणि खाटेवर बसला. नात शेजारपाजारी बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, मागायला गेली होती. गोठ्यात त्याच बैलाचे छिलके अजून पडलेले. सुलोचनाबाई नेहमीप्रमाणे खराटा घेऊन तिकडे वळली.

"हास आता पोटभर," तो म्हणाला. "तुह्या बनवारीनं नाक कापलं माहं."

"बनवारीनं काहून? तो तं बिचारा कुठंच नाही."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला जास्त झोंबलं. तो उठला, गोठ्यात गेला आणि तिच्या हातातून खराटा ओढून घेतला. हिसकावलाच म्हणा. कधी झाडलं असलं तर झाडता येणार. अर्धा भुसा भिंतीशी गेला, अर्धा त्याच्याच पायावर उडाला. सुलोचनाबाई दाराशी उभी राहून हे पाहत होती. झाडून झाल्यावर तो अंगणात आला, बैल दोन्ही हातांवर घेतला आणि तिच्यासमोर धरला. दाढ उपटताना माणूस जसं तोंड करतो तसं तोंड करून म्हणाला, "बोल. कसा हाये?"

त्याला उत्तर ठाऊक होतं. इतकं केल्यावर आता ती ते वाक्य म्हणणार, म्हणायलाच हवं.

सुलोचनाबाई हसली नाही. तिने बैल खाली ठेवला, दोरी धरून अंगणभर ओढला, मग खाली बसून त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. रोज गोठ्यातल्या खऱ्या बैलांना कोंडा-चारा घालणारी बाई ती.

"मान झकास हालते," ती म्हणाली. "पण डोळा वर हाये जी. बैल मान हालवते तवा खाली पायते, मातीकडं नाही तं चाऱ्याकडं. तुमचा बैल लोकाइकडं पाहून रायला. कोण बक्षीस देते म्हणून."

भय्याजीने वाकून बैलाचा डोळा पाहिला. मग विचारलं, "सगळ्याच बैलाइचा डोळा तसा?"

"सगळ्याइचा. एक सोडून. पोरीसाठी पयला केला व्हता ना, मोडक्या चाकाचा? तो खाली पायते. तवा तांब्या कुठं व्हता!"

"इतके वर्सं बोलली काहून नाही मंग?"

"तुमी कवा इचारलं?"

पुढचं विचारू नये, हे त्याला कळत होतं. पण माणूस हेव्याने पछाडला की जीभ आवरत नाही.

"अन् जागेश्वरचा?"

सुलोचनाबाईने क्षणभर विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. पण आज पहिल्यांदा कोणी विचारलं होतं, आणि पहिल्याच खेपेला खोटं काय बोलायचं?

"त्याईचा खाली पायते," ती म्हणाली.

भय्याजीला वाटलं, बैल उचलून तळ्यात फेकावा. जागेश्वरलाही फेकावा. पण तो तसं काहीच न करता घरात गेला आणि सगळ्यात बारीक पटाशी घेऊन बाहेर आला. पाटावर बसला, बैल मांडीत घेतला आणि ताज्या पांढऱ्या रंगावर, डोळ्याच्या कडेशी, धार टेकवली.

सुलोचनाबाई चुलीकडे निघाली.

"जाऊ नोको," तो मान वर न करता म्हणाला. "बस इथं. खाली म्हणजे किती खाली, ते सांग. जागेश्वरच्या बैलाइतका?"

"त्याच्याहून जरासा जास्त," सुलोचनाबाई म्हणाली, आणि त्याच्यासमोर पाट ओढून बसली.